कर्णनाद आणि त्याचे आवरण : एका उपायाचा इतिहास



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी या शाळेत चार वर्षे मराठी आणि संस्कृत शिकलो. आज मी वाङ्मयावर बोलेन अशी आपली अपेक्षा असणार. माझे सारे आयुष्य मराठी शिकवण्यात गेले, तेव्हा ती रास्तच आहे. परंतु मी आज कानाच्या एका विकाराचा आणि त्यावरील एका साध्या उपायाचा इतिहास सांगणार आहे. त्याला कारण सरच आहेत.

इंदूरमध्ये कापडगिरण्यांचे भोंगे वाजत होते, त्या १९६० नंतरच्या दशकातली ही गोष्ट. सर वर्गात शिकवता शिकवता मध्येच थांबत आणि डाव्या कानावर तळवा दाबून धरत. हे आम्हा मुलांच्या ध्यानात आले आणि आम्हांला एक खेळ सापडला. मागच्या बाकांवरचे आम्ही तिघे-चौघे ओठ मिटून बारीक 'ऊंऽऽ' असा सूर लावीत असू. सर थांबत, इकडेतिकडे पाहत आणि विचारीत, "तुम्हांलाही काही ऐकू येतंय का रे?" आम्ही निरागस चेहऱ्याने सांगत असू, "नाही सर, काहीच नाही." ते पुन्हा कानावर हात ठेवीत. त्या तिघाचौघांत मी होतो. आज इतक्या वर्षांनी ही कबुली याच सभागृहात देणे मला भाग आहे.

सरांच्या घरी वह्या पोचवायला गेलो की आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसे. सर स्वयंपाकघरात पाटावर बसून वह्या तपासीत आणि शेजारी स्टोव्ह पेटलेला असे. त्यावर पातेले नाही, तवा नाही. नुसता निळा जाळ आणि त्याचा फरफर आवाज. काकू करवादत, "रॉकेल काय फुकट येतं का?" रेशनचे रॉकेल जपून वापरण्याचे ते दिवस. सर काही न बोलता हसत आणि हवा कमी झाली की पंप मारून पुन्हा वहीत डोके घालीत. सरांना थंडी सोसत नाही, अशी आमची समजूत होती.

सर गेल्यानंतर त्यांची काही पुस्तके काकूंनी मला दिली. त्यात 'माधवनिदाना'ची एक जुनी प्रत होती. कर्णरोगांच्या प्रकरणात, कर्णनादाच्या श्लोकाशेजारी, सरांच्या नेटक्या अक्षरात पेन्सिलीने लिहिले होते : "स्टोव्ह – उतार. पाऊस – उतार. रात्र – वाढ. परीक्षा – वाढ." एवढेच. ती प्रत मी कपाटात ठेवून दिली. पुढे साठी उलटल्यावर माझ्याच कानात रातकिडा येऊन बसला आणि मग त्या चार नोंदींचा अर्थ मला लागू लागला.

प्रथम शब्दांचा विचार करू. इंग्रजीत या विकाराला टिनिटस म्हणतात. लॅटिनमधील 'किणकिणणे' या अर्थाच्या धातूपासून तो शब्द आला. आपल्याकडे 'कान वाजणे', 'कान गुणगुणणे' असे सरळ बोलतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अठ्ठावीस कर्णरोग मोजले आहेत आणि त्यांत कर्णनाद व कर्णक्ष्वेड हे दोन निरनिराळे धरले आहेत. भेरी, मृदंग, शंख यांसारखे विविध ध्वनी ऐकू येतात तो कर्णनाद आणि वेणूसारखा स्वर ऐकू येतो तो कर्णक्ष्वेड, असा भेद ग्रंथकारांनी केला. उंच शीळ आणि खोल घुमारा यांतले अंतर आजचे श्रवणतज्ज्ञही नोंदून ठेवतात; ते आपल्या वैद्यांच्या कानांनी फार पूर्वी टिपले होते. कर्णरोगांचा सामान्य उपचार म्हणून सुश्रुताने तूप पिणे, रसायन घेणे, श्रम टाळणे, डोक्यावरून स्नान न करणे आणि कमी बोलणे असे सांगितले आहे. आतला आवाज बाहेरच्या आवाजाने झाकावा, असा विचार त्या सूत्रात नाही.

तो विचार निराळ्याच वाटेने, योगमार्गात, भेटतो. पण उलटा होऊन. स्वात्मारामाच्या 'हठयोगप्रदीपिके'च्या चौथ्या उपदेशात नादानुसंधानाचे वर्णन आहे. साधकाला आरंभी समुद्र, मेघ, भेरी यांसारखे, मध्ये शंख आणि घंटा यांसारखे, शेवटी किंकिणी, वेणू, वीणा आणि भ्रमर यांसारखे नाद ऐकू येतात. ही यादी वैद्यांच्या यादीशेजारी ठेवून पाहावी. भेरी तीच, शंख तोच, वेणूही तोच. एकाने त्याला रोग म्हटले, दुसऱ्याने सिद्धीची वाट. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायामुळे अनाहत नाद ही कल्पना मराठी मनात घर करून आहे. योग्याचा नाद आणि रोग्याचा नाद एकच, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण ऐकू येणाऱ्या आवाजाला आपण कोणता अर्थ देतो, यावर त्याचा ताप किती व्हायचा हे पुष्कळसे ठरते, एवढे मात्र त्या दोन याद्यांवरून सुचते. आणखी एक गोष्ट अशी, की अभ्यास वाढला म्हणजे हा आतला नाद बाहेरच्या ध्वनीला आवृत करतो, असे स्वात्माराम सांगतो. इंग्रजीत ज्याला मास्किंग म्हणतात, त्याला मी 'आवरण' हा शब्द तेथूनच घेतला. योग्याने आतल्या नादाने बाहेरचा झाकला; वैद्यकाने पुढे बाहेरच्या ध्वनीने आतला झाकण्याचा यत्न केला.

या दुसऱ्या यत्नाचा जुना माग ग्रीसमध्ये लागतो. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या 'प्रॉब्लेमाटा' या प्रश्नसंग्रहात असा प्रश्न आहे की, बाहेर आवाज केला असता कानातील गुणगुण का थांबते? मोठा ध्वनी लहान ध्वनीला हुसकावून लावतो म्हणून असे होते काय, अशी शंकाही तेथेच आहे. निरीक्षण अचूक होते. पण ते प्रश्नाच्या रूपातच राहिले.

त्याचा पद्धतशीर उपाय केला तो फ्रेंच वैद्य झां मार्क गास्पार इतार याने. रानात सापडलेल्या 'आव्हेरॉनच्या मुला'ला शिकवणारा तोच हा इतार. १८२१ साली त्याने कानाच्या रोगांवर मोठा ग्रंथ लिहिला. कर्णनाद बरा होत नसेल तर निदान त्याला सुसह्य करावे, हा त्याचा दृष्टिकोन. त्यासाठी रोग्याच्या नादाशी मिळताजुळता आवाज त्याने घरातच शोधला. आत घरघर असेल तर शेगडीत धगधगता जाळ करावा; शीळ असेल तर किंचित ओली लाकडे जाळावीत; घंटानाद असेल तर भोकाच्या भांड्यातून तांब्याच्या पात्रात पाण्याची धार धरावी. हट्टी विकाराच्या रोग्याने पाणचक्कीपाशी जाऊन राहावे, इथपर्यंत त्याने सांगितले. रात्री झोप लागावी, हा यातला मुख्य हेतू. हे वाचताना मला काकूंचे स्वयंपाकघर आठवले. इतारचे नावही सरांनी ऐकले नसेल. पण त्याचा उपाय त्यांनी आपल्या स्टोव्हवर स्वतःच शोधून काढला होता.

इतारच्याच काळात या विकाराने एका मोठ्या संगीतकाराला ग्रासले होते. १८०१ साली बीथोवनने आपल्या वेगेलर नावाच्या डॉक्टर मित्राला पत्र लिहून, रात्रंदिवस कान घोंघावतात, असे कळवले. बोहेमियाच्या स्मेतानाला १८७४ साली बहिरेपण आले. दोन वर्षांनी रचलेल्या चौकडीत, 'माझ्या आयुष्यातून' या नावाच्या कृतीत, शेवटच्या भागात एक उंच, तीक्ष्ण स्वर एकाएकी लांबत जातो. आपल्या कानात वाजणारी दैवाची शीळ त्याने तेथे व्हायोलिनवर ठेवली. ज्याचा आवाज दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही, त्याने तो जगाला ऐकवण्याचा हा एक मार्ग. सरांना तोही मिळाला नाही. त्यांना भेटलो आम्ही.

विसाव्या शतकात नादाचे मोजमाप सुरू झाले. १९०३ साली स्पॉल्डिंग या अमेरिकन कर्णतज्ज्ञाने पियानोच्या पट्ट्यांवर रोग्याच्या नादाची पट्टी जुळवून पाहिली आणि तोच स्वर वाजवून नाद दबतो का, हे तपासले. १९२४ साली वेगेल आणि लेन या टेलिफोन-संशोधकांनी एका शुद्ध स्वराने दुसरा स्वर कसा झाकला जातो, याचे मोजमाप प्रसिद्ध केले. यांतला वेगेल स्वतःच कर्णनादाने त्रस्त होता. १९३१ साली त्याने आपल्याच नादाचा अभ्यास लिहिला. १९२८ साली जोन्स आणि क्नुडसेन यांनी नाद झाकण्यासाठी आवाज काढणाऱ्या उपकरणाचा प्रयोग वर्णन केला. त्याच वर्षी जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी विद्युत्-मंडलात उष्णतेमुळे आपोआप उठणाऱ्या खरखरीचे नियम मांडले. रेडिओ दोन केंद्रांच्या मध्ये ठेवल्यावर जो 'सूंऽऽ' असा आवाज येतो, तो याच जातीचा. पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात, तशा या आवाजात सगळ्या पट्ट्या सारख्या बळाने असतात. म्हणून त्याला 'व्हाइट नॉइज' म्हणजे श्वेतरव म्हणतात. स्टोव्हची फरफर, पावसाची सर, कारंजे, पंखा ही त्याचीच घरगुती भावंडे.

मोजमापातून एक आश्चर्य बाहेर आले. रोग्याला असह्य वाटणारा नाद फाउलर या तज्ज्ञाने बाहेरच्या स्वराशी तोलून पाहिला, तेव्हा तो बहुधा श्रवणाच्या उंबरठ्यापेक्षा काही थोड्याच डेसिबलांनी वर निघाला. म्हणजे सुस्कारा म्हणावा एवढाच आवाज माणसाची झोप उडवीत होता. १९४७ साली सॉल्ट्झमन आणि अर्स्नर यांनी दाखवले की, नुसत्या श्रवणयंत्रानेही पुष्कळांचा नाद मागे सरतो, कारण बाहेरचे जग पुन्हा ऐकू येऊ लागते. १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी उत्तम श्रवण असलेल्या ८० प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत बसवले. त्यांपैकी ९४ टक्क्यांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले. पुरेशी शांतता मिळाली की बहुतेकांचे कान वाजतात. तेव्हा कर्णनाद्याला जी गोष्ट सर्वांत जड जाते, ती शांतता. सरांच्या 'रात्र – वाढ' या नोंदीचे उत्तर येथे मिळते.

मग हा नाद येतो कुठून? अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखा कॉक्लिया नावाचा अवयव असतो. त्यातील सूक्ष्म रोमपेशी ध्वनीच्या लाटांचे मज्जासंदेशात रूपांतर करतात. वय, सततचा गोंगाट, काही औषधे यांमुळे या पेशी मरतात आणि मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटाचा घाव बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच पट्टीवर आधी पडतो. त्या पट्टीकडून येणारे संदेश थांबले की मेंदू आपली ग्रहणशक्ती वाढवतो. रेडिओवर केंद्र लागत नसले की आपण आवाज मोठा करतो, तसे. मग आतलीच खरखर ऐकू येऊ लागते. म्हणून नाद कानात वाटला, तरी त्याचे घर पुष्कळदा मेंदूत असते.

१९७१ साली जर्मनीच्या हाराल्ड फेल्डमन याने याला बळ देणारा पुरावा दिला. दोन बाह्य स्वरांना लागू पडणारे आवरणाचे नियम कर्णनादाला लागू पडत नाहीत, असे त्याला आढळले. काहींचा नाद भलत्याच पट्टीच्या स्वराने झाकला जाई, काहींचा उजव्या कानात आवाज दिला असता डावीकडचा थांबे, काहींचा कशानेच हलत नसे. शिवाय बाहेरचा आवाज बंद केल्यावरही काही जणांचा नाद थोडा वेळ परत येत नसे.

पण हा उपाय खऱ्या अर्थाने लोकांपर्यंत नेला तो अमेरिकेतील ओरेगॉनच्या जॅक व्हर्नन याने. चार्ल्स युनिस हा कर्णनादाने गांजलेला डॉक्टर १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी त्याला भेटायला पोर्टलंड शहरी गेला. दोघे फिरता फिरता एका कारंज्यापाशी आले आणि युनिस तेथून हलेना. कारण पाण्याच्या आवाजात त्याचा नाद ऐकू येत नव्हता. कारंजे बरोबर नेता येत नाही, तर त्याचा आवाज कानामागे बसवता येईल का, या विचारातून व्हर्ननने अंगावर वागवण्याचा ध्वनिजनक घडवून घेतला. श्रवणयंत्र आणि ध्वनिजनक एकाच कवचात बसवलेले उपकरणही पुढे आले. नळाखाली किंवा शॉवरखाली उभे राहून नाद बुडतो का ते पाहावे, ही त्याची साधी कसोटी. बुडाला तर आवरणाचा उपयोग होण्याचा संभव.

१९९० साली पोलंडमध्ये जन्मलेल्या पावेल यास्त्रेबॉफ याने या विचाराला वळण दिले. कर्णनाद त्रासदायक होतो तो आवाजामुळे कमी आणि मेंदूने त्याला धोक्याची खूण मानल्यामुळे अधिक, असे त्याचे प्रतिपादन. भीती आणि ताण यांची केंद्रे जागी होतात, त्यामुळे लक्ष नादाकडे जाते, त्यामुळे भीती वाढते, असे हे चक्र. तेव्हा नाद पूर्ण झाकून टाकला, तर मेंदूला त्याची सवय कशी व्हावी? जी गोष्ट समोरच नाही, तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकता येत नाही. म्हणून बाहेरचा आवाज नादापेक्षा खाली ठेवावा, दोन्ही शेजारी शेजारी नांदू द्यावेत आणि त्याबरोबर रोग्याला या विकाराचे स्वरूप नीट समजावून सांगावे. लंडनच्या जोनाथन हेझेल याच्यासह त्याने ही पद्धत रूढ केली. 'परीक्षा – वाढ' असे लिहिणाऱ्या सरांना हा सिद्धांत नवा वाटला नसता.

इतिहास प्रामाणिकपणे सांगायचा तर यशाबरोबर मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. २०१४ साली अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत ज्यांचे श्रवण उणावले आहे त्यांना श्रवणयंत्राची आणि त्रस्त रोग्यांना विचार व वर्तन यांवर आधारलेल्या मानसोपचाराची शिफारस केली. ध्वनी-उपचार मात्र ऐच्छिक ठेवला. त्याआधी २०१२ साली नेदरलंड्समधील मास्त्रिख्त येथे ४९२ रोग्यांवर झालेल्या प्रयोगात अशा मानसोपचारावर आधारलेली टप्प्याटप्प्याची पद्धत नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरली. २०१८ सालच्या कॉक्रेन समीक्षेला, ध्वनी-उपचार इतर कशापेक्षा श्रेष्ठ असल्याचा पुरावा मिळाला नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत यास्त्रेबॉफची पूर्ण पद्धत नेहमीच्या चांगल्या उपचारापेक्षा फारशी निराळी ठरली नाही. याचा अर्थ आवरण निरुपयोगी आहे असा नव्हे. ते कुबडीसारखे आहे; पाय बरा करीत नाही, पण चालू देते. इतारने दोनशे वर्षांपूर्वी नेमके एवढेच म्हटले होते.

माझ्यापुरते सांगतो. नाद प्रथम आला तेव्हा मी हादरलो. एका डॉक्टरांनी तपासून सांगितले, "वयोमानाने असं होतं, दुर्लक्ष करा." सल्ला खोटा नव्हता, पण दुर्लक्ष करायचे कसे, ते त्यांनी सांगितले नाही. पुढे एका श्रवणतज्ज्ञ मुलीने माझे श्रवण मोजले, उंच पट्टीतली तूट कागदावर दाखवली आणि यंत्र दिले. त्यात मंद श्वेतरवाची सोय आहे. पण मला सगळ्यांत जवळचा वाटला तो तानपुरा. रात्री उशापाशी तो अगदी हलका लावून ठेवतो. रातकिडा बंद होत नाही; षड्ज-पंचमाच्या शेजारी तो बसून राहतो आणि केव्हा डोळा लागतो, ते कळत नाही. आवाज मोठा करून त्याला गाडायचा मोह आरंभी झाला. तो आवरावा लागला. मोठा आवाज उरलेल्या पेशींचाही घात करतो. आणखी एक सांगणे अवश्य आहे : नाद एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल किंवा एकाएकी बहिरेपण आले असेल, तर तानपुऱ्याच्या नादी न लागता तत्काळ डॉक्टर गाठावा.

मित्रहो, माझे वडील एका कापडगिरणीत साच्यांवर होते. घरी ते मोठ्याने बोलत, म्हणून आम्ही त्यांना तापट समजलो. सर स्टोव्हपाशी बसत, म्हणून त्यांना विक्षिप्त समजलो. त्यांच्याच कानातला आवाज काढून आम्ही त्यांना विचारायला लावले की, हा आत आहे की बाहेर? ज्याचे दुःख दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवणे, हाच उपचाराचा पहिला भाग आहे. कर्णनाद मोजण्यासाठी आजही शेवटी रोग्याच्या शब्दावरच विसंबावे लागते.

या शाळेला माझी एक विनंती आहे. दरवर्षी विद्यार्थ्यांचे डोळे तपासतात, तसे कानही तपासावेत, शिक्षकांचेही. आजच्या मुलांच्या कानात तासन्‌तास इअरफोन असतात आणि वरातीतल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतींपुढे ती नाचतात. उद्या त्यांच्यापैकी कुणाचा कान वाजू लागला, तर त्याने घरी सांगावे आणि घरच्यांनी ऐकावे.

सरांच्या त्या प्रतीत चार नोंदींखाली आता मी माझी एक नोंद पेन्सिलीनेच केली आहे : "तानपुरा – उतार." ती प्रत मी आज शाळेच्या ग्रंथालयाला अर्पण करीत आहे. सर, तुम्ही विचारत होता त्याचे उत्तर उशिरा देतो आहे. होय, मलाही ऐकू येते.